तुळशीत पुरलेली तार

माझ्या बैठकीच्या कोपऱ्यात एक जुना रेडिओ आहे. घरी येणारा प्रत्येक जण त्याच्याकडे बघून एकच प्रश्न विचारतो, "चालतो का हो?" मला या प्रश्नाचा फार राग येतो. त्याच भिंतीवर माझ्या सासूबाईंचा फोटो आहे, त्यांच्याबद्दल कुणी असं विचारत नाही. घरात आहे म्हणजे काहीतरी काम करून दाखवलंच पाहिजे, हा नियम फक्त जुन्या यंत्रांनाच का, कळत नाही.

तरी सांगून टाकते, चालतो. मात्र बटण फिरवलं की लगेच बोलेल, अशी अपेक्षा ठेवू नये. आधी काट्यामागचा दिवा लागतो. मग आतले काचेचे व्हॉल्व्ह हळूहळू तापतात, तापलेल्या धुळीचा वास येतो, पोटातून बारीकसा घूं असा आवाज निघतो आणि सगळ्यात शेवटी वरच्या बाजूचा हिरवा डोळा उघडतो. स्टेशन नीट लागलं की त्या डोळ्यातली काळी फट मिटते. एवढं सगळं होईपर्यंत गॅसवरचा चहा उकळून होतो. मला त्यात काही गैर वाटत नाही. माणूससुद्धा झोपेतून उठल्याबरोबर शहाण्यासारखं बोलत नाही.

दिवाळीच्या आधी मी त्याची मागची फळी उघडते आणि रंगाच्या मऊ ब्रशने आतली धूळ झाडते. एकदा आत पालीची अंडी निघाली होती. एकदा उंदराने पुढच्या जाळीच्या कापडाचं घरटं केलं होतं, तेव्हा मी माझ्या जुन्या टसरच्या साडीचा तुकडा लावला. जुने व्हॉल्व्ह इंदूरच्या भंगारबाजारातून मिळवून, बनियनमध्ये गुंडाळून, डाळीच्या डब्यात ठेवले आहेत. इथे उज्जैनमध्ये नानाखेड्याला आमच्या इमारतीत राहणारी एक मुलगी घरं सजवून देण्याचं काम करते. ती म्हणाली, "आजी, ये मुझे दे दो. अंदर का सब निकालकर लैंप लगा देंगे, एकदम क्लासी!" मी तिला चहा दिला आणि विषय बदलला. आतलं सगळं काढून दिवा लावायचा म्हणे. जिवंतपणी!

हा रेडिओ माझ्या वडिलांनी आणला, तेव्हाही तो जुनाच होता. बाबा उज्जैनच्या कचेरीत कारकून होते. आमच्या पणजोबांपासून सगळे ग्वाल्हेर दरबारच्या चाकरीत. बाबा नोकरीला लागले तेव्हा कचेरीवर संस्थानची पाटी होती. स्वातंत्र्यानंतर संस्थान विलीन झालं आणि मध्य भारताची पाटी लागली. बाबांची खुर्ची तीच, दौत तीच, खुर्चीचा मोडका हातही तोच. त्या उलथापालथीत संस्थानच्या वेळचे एक मोठे अधिकारी गाव सोडून गेले आणि त्यांच्या बंगल्यातल्या सामानाचा नीलाम झाला. लोकांनी आरसे घेतले, पलंग घेतले, कुणी हरणाची शिंगं घेतली. बाबा दुसऱ्या मोठ्या लढाईच्या आधीचा हा रेडिओ घेऊन आले. टांग्यात त्यांनी तो मांडीवर धरला होता आणि त्यांच्या चेहऱ्यावर, आई नंतर म्हणायची तसं, नवी नवरी आणल्याचं तेज होतं.

आई मात्र खूश नव्हती. तिला धान्याची कोठी हवी होती. "हे खोकं काय दळणार, की पाणी भरणार?" असं म्हणून ती स्वयंपाकघरात निघून गेली.

आईचं माहेर साताऱ्याकडचं. लग्न होऊन ती इतक्या लांब माळव्यात आली, आणि आल्या दिवसापासून तिला आमच्या घरच्या मराठीचं हसू यायचं. आम्ही उज्जैनची माणसं म्हणायचो, "मी येऊन राहिलो", "तू जेवून घे ना, फालतूत बसून राहिली". आई म्हणायची, "ही मराठी आहे की खिचडी?" पुढे तिचं हसणं कमी झालं, कारण तीही तसंच बोलायला लागली. एकदा तिने मलाच विचारलं, "पाणी भरून राहिलीस का?" आणि लगेच जीभ चावली. तिचा चेहरा असा उतरला की मला हसायचं धाडस झालं नाही.

माहेरचं आता तिच्याकडे बोलणंच तेवढं उरलं होतं. अठ्ठेचाळीस साली देशावर जे आभाळ कोसळलं, त्याच्या पाठोपाठ साताऱ्याकडच्या काही गावांत घरं जाळली गेली. त्यात आजोबांचं घरही गेलं. माणसं वाचली. मामा सगळ्यांना घेऊन पुण्याला भाड्याच्या खोल्यांत राहायला गेला. आई त्यावर कधी बोलली नाही. फक्त अंगणातल्या तुळशीपाशी ती पूर्वीपेक्षा जास्त वेळ उभी राहायला लागली. ती तुळस तिने लग्नात माहेराहून आणली होती. म्हणजे रोप नव्हे, आजोबांच्या अंगणातल्या तुळशीच्या मंजिऱ्या पदराच्या टोकाला बांधून आणल्या होत्या. जुनं रोप थकलं की त्याच्याच मंजिऱ्यांतून त्याच वृंदावनात नवं रुजायचं. त्या घराचं जगात जे काही शिल्लक होतं ते आमच्या उज्जैनच्या फ्रीगंज मोहल्ल्यातल्या अंगणात, विटांच्या त्या चौथऱ्यावर होतं. हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं, बाबांनाही.

रेडिओ घरात आला आणि बाबांनी छतावर दोन बांबू रोवून त्यांच्यामध्ये तांब्याची तार ताणली. ती एरियल. पण नुसत्या एरियलने भागत नव्हतं, खरखर फार यायची. घड्याळाच्या टावरजवळच्या रेडिओवाल्याने सांगितलं, "बाबूजी, अर्थिंग चाहिए." म्हणजे रेडिओच्या मागून दुसरी एक तार काढायची आणि जमिनीत पुरायची. जमीन सतत ओली राहील अशी जागा हवी, आणि खड्ड्यात कोळसा आणि मीठ घालायचं म्हणजे ओल टिकते.

बाबा दोन दिवस घरभर ओली जागा शोधत हिंडले. मोरीपाशी फरशी होती. नळाखाली सिमेंट होतं. मग एका सकाळी दात घासता घासता त्यांना आई दिसली, तुळशीला पाणी घालताना. ऊन असो, थंडी असो, अंगात ताप असो, ते पाणी कधी चुकत नसे. बाबा नंतर सगळ्यांना मोठ्या अभिमानाने सांगायचे, "या घरात नेमाने होणारी एकच गोष्ट आहे. मी माझी अर्थिंग तिथेच लावून दिली." यात त्यांना आईचं कौतुकच करायचं होतं, हे लक्षात ठेवा.

आईने आधी विरोध केला. तुळशीला वीज लावतात का? बाबांनी समजावलं, "अगं, वीज तिकडे जात नाही. फिकर नको करू. आवाजातली घाण तेवढी जमिनीत जाते." घाण म्हटल्यावर ती आणखीच बिथरली. शेवटी वृंदावनाच्या बुडाशी, मुळांपासून लांब, एक खड्डा खणायची परवानगी मिळाली. कोळसा आणि मीठ तिच्या डोळ्यांआड पडलं. तार खिडकीतून आत आली.

आणि त्या संध्याकाळी मुंबईचं स्टेशन घरात बसून बोलावं तसं बोलायला लागलं.

दिवेलागणीनंतर मुंबईहून शेतकऱ्यांसाठी एक कार्यक्रम लागायचा. त्यात खेडवळ मराठीत बोलणारी दोनचार माणसं गप्पा मारायची. उसाला पाणी किती द्यावं, ज्वारीवर कीड कोणती, बैलाच्या खांद्याला काय लावावं. आमच्याकडे शेत नव्हतं, बैल नव्हता, कुंडीसुद्धा नव्हती. आई स्वयंपाकघरातून परात घेऊन आली आणि रेडिओसमोर बसली. कणीक मळता मळता तिचे हात थांबले. रेडिओतला म्हातारा म्हणाला, "आरं, आसं कुटं आस्तंय व्हय?" आणि आई खुदकन हसली. तिच्या गावचे गडी, वाटेकरी, पाणक्या, सगळे असंच बोलायचे. विनोद पुरा व्हायच्या आधीच तिला कळायचा. त्या दिवसापासून धान्याच्या कोठीचा विषय निघाला नाही.

मग आमच्या घराला तिन्हीसांजेचा एक शिरस्ताच पडला. तुळशीपाशी दिवा, शुभंकरोती, आणि लगेच गुळाचे भाव. बाबा गमतीने म्हणायचे, "उज्जैनमध्ये कऱ्हाडच्या गुळाचा भाव जाणणारी एकच बाई आहे." आई उत्तर द्यायची, "मग? तुमच्यासारखं लंडनचं हवामान ऐकून काय छत्री घ्यायची?"

एक गंमत मात्र होती. शेजारच्या काकी अस्सल माळव्याच्या. त्यांनी आईला पहिल्याच वर्षी शिकवलं होतं, "भाभी, ग्यारस और इतवार को तुलसी में पानी नहीं डालते. उस दिन तुलसी माता का भी उपवास रहता है." आईने तो नियम उचलला. त्यामुळे एकादशीला आणि रविवारी वृंदावनातली माती सुकायची आणि संध्याकाळी रेडिओ खरखरायचा. बाबांना हे गणित उमगायला बरेच दिवस लागले. उमगल्यावर ते खिडकीतून हाक मारायचे, "अगं, ओंजळभर पाणी घालून दे ना!"

"दिवेलागणीला तुळशीला पाणी घालतात का कधी?"

"मग रेडिओने काय करायचं?"

"त्यालाही उपास."

काही वर्षं हे असं सुखात चाललं. छप्पन साली पावसाळा दांडगा झाला. अंगणात पाणी साचलं, ओसरलं, पुन्हा साचलं, आणि आश्विनात पाऊस थांबल्यावर रेडिओची खरखर रोजचीच झाली. आई पुढे सरकून जाळीच्या कापडाला कान लावून बसायला लागली. हळूहळू ती मधला एखादा विनोद चुकायची आणि आमच्याकडे बघायची. आम्हाला तर त्यातलं अर्धं कळतच नसे. बाबांना ते बघवेना. रेडिओवाल्याने सांगितलं की पावसात मीठ वाहून गेलं असणार, पुन्हा घाला. पण आता खणायचं तर तुळशीची मुळं पसरलेली. मुळं दुखवायची नाहीत म्हणून बाबांनी आपल्या मते फार नाजूक उपाय काढला. आई देवळात गेली की ते बादलीत मीठ विरघळवायचे आणि ते पाणी वृंदावनात वरून, हलक्या हाताने ओतायचे. एकदा करून भागलं नाही, तेव्हा दसऱ्याच्या सुमारास पुन्हा ओतलं. दसऱ्याला त्यांच्या सायकलीबरोबर आणि टाकाबरोबर रेडिओचीही पूजा झाली. आवाज पुन्हा आरशासारखा झाला होता. पणजोबांपासून दरबारात लेखणी धरलेल्या घराण्यात झाडाचं मूळ कुणाला ठाऊक असणार? बाबांना मीठ माहीत होतं ते ताटाच्या डाव्या बाजूचं.

तुळशीची पानं आधी टोकाला तपकिरी झाली. मग कडा करपल्या, मग ती झडायला लागली. आई घाबरली. तिने मुंग्यांसाठी राख टाकली. रात्रीच्या गारठ्यासाठी बाबांचं जुनं धोतर पांघरलं. मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढली. ते मीठ तरी चुलीत गेलं. काही उपयोग होईना. काकी येऊन बघून गेल्या, हळहळल्या, आणि जाताना नको ते बोलून गेल्या, "ध्यान रखना भाभी. तुलसी सूखती है तो घर के मालिक पर भारी रहता है."

हे वाक्य आईच्या डोक्यात शिरून बसलं. तशात कचेरीत बोलवा उठली होती की नवीन राज्य होणार, राजधानी भोपाळला जाणार, आणि माणसांच्या बदल्या होणार. आईला सगळीकडे खुणाच दिसायला लागल्या. बाबा खोकले की ती हातातलं काम टाकून उठायची. त्यांच्या वरणावर तुपाची धार वाढली. ऑक्टोबरच्या उन्हात तिने त्यांना मफलर बांधायला लावला. सोमवारी उपास धरून ती महाकालला जायला लागली, आणि मला बजावलं की बाबांना यातलं काही सांगायचं नाही. बाबांना वाटलं, रेडिओ साफ ऐकू येतो म्हणून आई प्रसन्न आहे. ते तूप आवडीने खात होते.

दिवाळीच्या तोंडावर नवीन राज्य झालं. कचेरीवर तिसरी पाटी चढली. आमच्या ओटीवर शेजारपाजारचे लोक रेडिओ ऐकायला जमले होते. बातम्या संपल्यावर आईने दाराआडून विचारलं, "म्हणजे आपलं उज्जैन आता कुणीकडे गेलं?"

"उज्जैन कुठे जाणार आहे, शिप्रा सोडून?" बाबा म्हणाले, आणि सगळे हसले. आई हसली नाही. तिचा सातारा मुंबईकडे, आपण भोपाळकडे. आधीही वेगळेच होतो, पण आता ते रेडिओवर जाहीर झालं होतं.

दिवाळी झाली. तुळशीचं लग्न चार दिवसांवर आलं. वृंदावनात पानं अशी थोडीच उरली होती. त्या संध्याकाळी आई सवयीने रेडिओसमोर बसली होती, मी शेजारी, बाबा आरामखुर्चीत. कार्यक्रमात कुणी शेतकीतला जाणकार आला होता आणि नेहमीचा म्हातारा त्याला प्रश्न विचारत होता. विषय होता कालव्याच्या पाण्याने खराब झालेल्या जमिनींचा. म्हातारा म्हणाला, "पर सायेब, रान खारं झालंय ह्ये वळकायचं कसं?"

साहेब सांगायला लागले. मातीवर पांढरा पापुद्रा धरतो. पिकाच्या पानांची टोकं आधी तपकिरी होतात. मग कडा करपल्यासारख्या दिसतात. मग पानगळ. पाणी भरपूर असूनही झाड तहानेने मरतं.

आईचे हात परातीत थांबले. ती उठली, देवापुढची समई उचलली आणि अंगणात गेली. मी मागोमाग. तिने वाकून वृंदावनातली माती उजेडात पाहिली, नखाने वरचा पांढुरका थर खरवडला आणि जिभेवर ठेवला.

आत आली तेव्हा तिने काही विचारलं नाही. विचारायची गरजच नव्हती. बाबा खुर्चीत ताठ बसले होते आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. साहेबांचं बोलणं त्यांनीही ऐकलं होतं. "मला माहीत नव्हतं गं," ते म्हणाले. "तुला ऐकू येईना म्हणून मी..." आईने परात उचलली आणि स्वयंपाकघरात गेली.

तिने आदळआपट केली असती तर बरं झालं असतं. आमच्या घरात भांडण कधी दुसऱ्या दिवसापर्यंत टिकत नसे. पण ती बोललीच नाही. "बाबांना सांग, पान वाढलंय." "बाबांना विचार, सदऱ्याचं बटण सापडलं का." मी मधल्यामध्ये पोस्टमन झाले. माझा जीव टांगणीला लागला होता. तुळस जगेल की मरेल यापेक्षा आई बाबांशी पुन्हा बोलेल की नाही, याचीच मला धास्ती होती.

बाबांनी दुसऱ्या दिवशी पहाटेच रेडिओची तार तुळशीतून उपटली आणि वेटोळं करून खिडकीबाहेर खिळ्याला अडकवली. रेडिओवर आवरण घातलं आणि बटणाला हात लावणं सोडलं. मग ते सायकलला तेलाचे रिकामे डबे बांधून शिप्रेवर गेले आणि घाटाच्या खालच्या अंगाचा गाळ भरून आणला. कचेरीच्या आधी एक खेप, कचेरीनंतर एक खेप. धोतराचा काष्टा खोचून, मफलर बांधून, ते हातांनी जुनी माती काढायचे आणि नवा गाळ भरायचे. मुळं हाताला लागायची तेव्हा ती काळी पडलेली दिसायची. मी ओट्यावरून बघायची. आई स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघायची, आणि बाबांनी वर पाहिलं की तिथून बाजूला व्हायची.

काठी वाचली नाही. मंजिऱ्या झडल्या होत्या त्याही त्याच खाऱ्या मातीत, त्या रुजणार नव्हत्या. लग्नाच्या आदल्या दिवशी आईने ती वाळकी काठी स्वतःच्या हाताने काढली, धुतली, आणि मला म्हणाली, "चल, नदीवर." रामघाटावर तिने ती पाण्यात सोडली. तिथे ती रडली. मोठ्याने रडली, चारचौघांत. बाजूला पिंडदान चाललं होतं, म्हणून कुणाला त्यात नवल वाटलं नाही. एका पंड्याने मला विचारलं, "कौन गुज़र गया, बिटिया?" मी काय सांगणार? मी म्हटलं, "नानाजी का घर." तो मान हलवून पुढे गेला.

येताना ती काकींच्या दारात थांबली आणि तुळशीचं एक रोप मागितलं. काकींनी डोळे पुसत दिलं. "तुम्हारे मायके वाली की बात तो नहीं आएगी, भाभी." आई म्हणाली, "अंगणात तुळस पाहिजे. ती काय आपली भाषा विचारते?" शिप्रेच्या गाळात तिने ते रोप लावलं.

लग्न लागलं. ऊस, आवळा, चिंच, सगळं झालं. अंतरपाट बाबांनी धरायचा असा आमचा प्रघात होता. त्यांनी धरला, पण मान खाली घालून, जणू आपण वधूचे गुन्हेगार आहोत. काकी आणि इतर बायका चुरमुरे, उसाच्या कांड्या घेऊन आपापल्या घरी गेल्या. दिवेलागण होऊन गेली होती. बाबा अंगणात उसाची पाचटं गोळा करत होते.

आई आत आली आणि तिने रेडिओवरचं आवरण काढलं. बटणाला तिने तोवर कधी हात लावला नव्हता. ते बाबांचं काम. तिने बटण फिरवलं. दिवा लागला, हिरवा डोळा उघडला आणि कढईत मोहरी पडावी तसा नुसता तडतडाट सुरू झाला. त्याच्या तळाशी कुठेतरी माणसं बोलत होती. तिने काटा इकडे तिकडे केला. जमेना. मग ती अंगणात खिडकीपाशी गेली आणि खिळ्यावरचं तारेचं वेटोळं काढून हातात घेतलं, बहुतेक तुटली आहे का बघायला. लग्नासाठी घातलेल्या सड्याने अंगण ओलं होतं आणि ती अनवाणी होती.

तारेचं उघडं टोक तिच्या बोटांना लागलं आणि आत रेडिओतला म्हातारा स्वच्छ म्हणाला, "या की आमच्या गुऱ्हाळावर, रस प्यायला!"

आईने दचकून तार सोडली. पुन्हा तडतडाट. पुन्हा धरली. पुन्हा म्हातारा.

"अगं, सोड ते!" बाबा पाचटं टाकून धावले. "झटका बसेल!" आजही कुणी जुन्या रेडिओशी हा खेळ करू नये, हे मी सांगून ठेवते. पण तेव्हा तिला फक्त मुंग्या आल्यासारखं झालं, असं ती नंतर म्हणाली.

"बसू दे," ती म्हणाली. "गप्प राहा जरा. गुऱ्हाळं लागलीत तिकडे."

ती बाबांशी बोलली होती. माझ्यामार्फत नाही, थेट. बाबा होते तिथेच खिळले. आई तार मुठीत धरून, डोळे मिटून, खिडकीला टेकून उभी राहिली. रेडिओत उसाच्या रसाची, काकवीची, चुलाणातल्या जाळाची बोलणी चालली होती आणि तिच्या चेहऱ्यावर ती सगळी एकेक करून दिसत होती. माझ्या आईला मी त्याआधी आणि त्यानंतर पुष्कळदा आनंदात पाहिलं, पण इतकं दूर गेलेलं आणि इतकं जवळ उभं असलेलं कधी पाहिलं नाही.

थोड्या वेळाने आवाज पुन्हा फाटायला लागला. पायांखालची माती सुकत होती. आईने कपाळाला आठी घातली आणि मूठ घट्ट केली. त्याने काही फरक पडेना. बाबा मोरीकडे गेले आणि तांब्या भरून आणला. तिच्यासमोर ते ओणवे झाले आणि तिच्या पावलांच्या भोवती, अगदी हलक्या हाताने, पाणी घालायला लागले. जोडव्यांवरून पाणी मातीत उतरलं. म्हाताऱ्याचा आवाज खणखणीत झाला.

आईने डोळे उघडले नाहीत. "पाणी घाला खुशाल," ती म्हणाली. "मीठ तेवढं नका घालू."

बाबा आधी नुसते ओणवेच राहिले. मग तांब्या हातात धरूनच ते ओल्या मातीत मटकन बसले आणि इतके हसले, इतके हसले, की शेवटी त्यांना मफलरने डोळे पुसावे लागले, आणि पुसले तरी ते थांबेनात.

"हळू हो," आई म्हणाली. "ऐकू द्या."